शिवारात रेंज नाही, मग ई-पीक पाहणी कशी?

प्रश्न : आमच्या शिवारात मोबाइलला रेंजच नाही. तलाठी म्हणतात, पाहणी (म्हणजे सातबाऱ्यावर आपल्या पिकाची नोंद) ॲपवरूनच करा. कशी करू? (वाचक, ता. औसा)

गटात, म्हणजे सातबाऱ्यावरच्या आपल्या शेतात, जावंच लागेल, पिकाचा फोटो तिथूनच लागतो. पण जागा ओळखणारं जीपीएस उपग्रहावर चालतं, त्याला नेट लागत नाही. घरी रेंजमध्ये असतानाच ॲप अपडेट करून खातेदाराची नोंदणी उरकून घ्या. शेतात झाडाखाली नको, मोकळ्यावर थांबा. नेट नसलं की ठिकाण पकडायला जरा वेळ लागतो. माहिती आणि फोटो मोबाइलमध्ये साठवा, गावात आलात की अपलोड करा. अपलोड झाल्याशिवाय नोंद झाली असं समजू नका, बरेच जण इथंच फसतात. गावची यादी ॲपमध्येच दिसते, तीत आपलं नाव बघा. ही पद्धत राज्यात 15 ऑगस्ट 2021 पासून आहे, तरी शेवटच्या दिवशी सर्व्हरवर अख्खा तालुका तुटून पडतो! हमीभावानं सोयाबीन घालायचं तर सातबाऱ्यावर पीक लागतंच. मुदत हुकली तर पीक पाहणीसाठी गावाला नेमलेल्या सहायकाला गाठा.

प्रश्न : पोरगा मोबाइलवर लातूरचा सोयाबीनचा भाव दाखवतो, मोंढ्यात तेवढा मिळत नाही. नेटवरचा भाव खोटा असतो का? (ता. रेणापूर)

खोटा नसतो, आपण तो अर्धाच वाचतो. बाजार समितीच्या दरात कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन आकडे असतात. आपली नजर नेमकी वरच्यावर. शिवाय ओल 12 टक्क्यांच्या वर गेली की भाव तुटतो. सर्वसाधारण दर धरा आणि तारीख बघा (व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोंत ती अनेकदा नसतेच). गाडीभाडं वजा जाता लातूर परवडतं की जवळचा मोंढा, हे माल भरायच्या आधी कळतं. माझ्या मते नेटचा खरा फायदा हाच.

प्रश्न : वीज पडण्याची सूचना मोबाइलवर खरंच येते का? (ता. पूर्णा)

येते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप 20 ते 40 किलोमीटर परिसरातल्या विजांचा इशारा देतं. नेट आणि लोकेशन चालू हवं, म्हणून अवकाळीच्या दिवसांत दुपारनंतर डेटा बंद ठेवू नका. रेंज नसेल तिथं ॲपवर विसंबू नका. गडगडाट ऐकू आला की झाड सोडून पक्कं घर गाठा.

प्रश्न : माझा मोबाइल बटणांचा आहे. मी काय करू? (ता. परांडा)

किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर फोन लावा. सकाळी 6 ते रात्री 10, मराठीत, फुकट. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तो नातवाकडून वाचून घ्या.