ओटोसिंक्लस आठवड्याभरातच का मरतात? उरलेले दोन कसे वाचवायचे?

तुमचा प्रश्न असा: दोन फुटी टँक, लावून दीड महिना झालाय, काचेवर तपकिरी थर धरला म्हणून कोल्हापुरातल्याच दुकानातून शेवाळ खाणारे चार ओटोसिंक्लस (थोडक्यात ओटो) मासे आणले, आठवड्यात दोन गेले, पाणी मात्र स्वच्छ दिसतंय. तुम्ही सांगितलेल्यात आजाराचं एकही लक्षण नाही. पांढरे ठिपके नाहीत, पर कुजलेले नाहीत. माझ्या मते ते उपाशी मेले. उपासमार तुमच्या घरी यायच्या आधीच सुरू झालेली होती, कोवळ्या टँकने ती पूर्ण केली.

बाजारातले बहुतेक ओटो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधून पकडलेले असतात. गप्पीसारखी त्यांची पैदास होत नाही. पकडल्यावर निर्यातदाराचा हौद, मग विमान, मग मुंबई किंवा चेन्नईचा घाऊक व्यापारी, मग आपल्याकडचं दुकान. वाटेत पिशवीतलं पाणी नासू नये म्हणून त्यांना खायला घालत नाहीत, आणि दुकानाच्या चकाचक काचेवर खरवडायला काही नसतं. जेमतेम चार सेंटिमीटरचा हा मासा एरवी दिवसभर पानांवरचा, दगडांवरचा पातळ थर खात असतो. उपास लांबला की समोर खाणं ठेवलं तरी त्याच्या अंगी लागत नाही.

तपकिरी थर म्हणजे डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ. नवीन टँकमध्ये तो तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतोच आणि बहुतेक वेळा आपोआप जातोही. नेमक्या त्याच दिवसांत लोक ओटो आणतात. चार मासे तो थर काही दिवसांत संपवतात आणि पुढे त्यांच्यासाठी काही उरत नाही. शिवाय त्या वयाच्या टँकमध्ये माशांची घाण पचवणारे फिल्टरमधले जिवाणू अजून पक्के नसतात, त्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया किंवा नायट्राइट मध्येच चढतो. पाणी स्वच्छ दिसण्याचा याच्याशी काही संबंध नाही, अमोनिया आणि नायट्राइट डोळ्यांना दिसत नाहीत. टँक निदान तीन-चार महिने चाललेला हवा, सहा झाले असतील तर उत्तम.

आता उरलेल्या दोघांचं बघू. काचेला चिकटले की बाहेरून पोट बघा. भरलेलं, किंचित फुगीर असेल तर ठीक. पोटाच्या परांमध्ये खळगा दिसत असेल, रंग फिका पडला असेल आणि कल्ले भराभर हलत असतील, तर हातात थोडेच दिवस आहेत. अमोनियाची टेस्ट करा. शून्याच्या वर काहीही आलं तर शून्य होईपर्यंत रोज पाव पाणी बदला.

खाण्यात दोडक्यासारखं स्वस्त आणि चांगलं काही नाही. कपिलतीर्थ मंडईत बारमाही मिळतो. आधी कच्चा तुकडा चाखा, कडू निघाला तर सरळ फेका. शिरा तासा, साल काढा म्हणजे फवारणीचा अंशही बराच जातो. एक सेंटिमीटर जाड चकत्या बिनमिठाच्या उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, मग गार पाण्यात. स्टीलच्या काट्याला टोचून संध्याकाळी लाइट बंद करताना तळाशी ठेवा आणि सकाळी उचला. एप्रिल-मे मध्ये आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, पाणी नासतं. पहिल्या दोन-तीन रात्री ते ढुंकूनही बघणार नाहीत, तरी रोज ताजी चकती टाकत राहा. पालकाचं पान अर्धा मिनिट उकळून चालतं. काकडी खातात खरी, पण तिच्यात पाण्याशिवाय फारसं काही नसतं. अल्गी वेफर टाकलात तर बाकीचे मासे आधी फस्त करतील.

भाजीने पोट भरतं, पण पोषण पुरत नाही. म्हणून घरी पेस्ट करा. 100 मिलि पाण्यात दीड ग्रॅम चायना ग्रासची पावडर दोन मिनिटं उकळा, त्यात उकडून सोललेल्या मटारचा दोन चमचे लगदा घाला, आणि कोमट झाल्यावर घट्ट व्हायच्या आत दोन छोटे चमचे स्पिरुलिना पावडर. ही पेस्ट सपाट दगडावर पातळ फासा, घट्ट झाली की दगडासकट टँकमध्ये ठेवा. हलणाऱ्या तुकड्यापेक्षा चिकटलेला थर ओटो लवकर ओळखतो. उरलेली फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. फ्रीझरमध्ये ठेवलीत तर पाणी सुटून तिचा चोथा होतो.

खरी सोय मात्र उन्हातल्या दगडांची. आपल्याकडचा काळा पाषाण यासाठी उत्तम, पाण्याचा कठीणपणा वाढवत नाही. तळहाताएवढे सात-आठ दगड घासून धुवा आणि टँकमधून काढलेल्या पाण्याच्या पारदर्शक बरणीत गच्चीवर ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मऊ हिरवा थर धरतो. दर तीन-चार दिवसांनी एक दगड टँकमध्ये, खाऊन साफ झालेला परत बरणीत. बरणीवर मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधा आणि पाणी दर आठवड्याला बदला, नाहीतर शेवाळापेक्षा डेंग्यूचे डास आधी तयार होतील. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात ऊन मिळेल या भरवशावर राहू नका, बरणी घरात एलईडी दिव्याखाली घ्या. बदामाची आपोआप गळलेली वाळकी पानंही धुवून टाका, 50 लिटरला एक-दोन. त्यांच्यावर धरणारा बुळबुळीत थर ओटो आवडीने खातात.

एक अपेक्षा सोडून द्या: काळं ब्रशसारखं शेवाळ, केसांसारखं लांब शेवाळ आणि काचेवरचे कडक हिरवे ठिपके ओटो खात नाहीत. त्यासाठी लाइट सहा-सात तासांवर आणा.

पाण्याचं म्हणाल, तर आपल्या नळाला येणारं नदी-धरणाचं पाणी बोअरपेक्षा मऊ आहे आणि ओटोला तेच मानवतं. पीएच साडेसहा ते साडेसात असला की पुरे, तो खालीवर करायची औषधं घालू नका. धोका क्लोरीनचा, पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे तो जास्त सोडतात. दुकानातलं अँटीक्लोरीन म्हणजे बहुधा हायपोच (सोडियम थायोसल्फेट). 10 ग्रॅम खडे 100 मिलि पाण्यात विरघळवून ठेवा, 10 लिटरच्या बादलीला 1 मिलि, नळाला वास येत असेल त्या दिवशी 2. आठवड्याला 20 टक्के पाणी बदला आणि फिल्टरचा स्पंज काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली कधीच नाही. जुलैत एक झाकलेला ड्रम भरून ठेवा. 2019 आणि 2021 च्या महापुरात शहराचा पाणीपुरवठाच बंद पडला होता. तशी वेळ आली तर खाणं निम्म्यावर आणा, टँकरचं पाणी घाईने ओतू नका.

तापमान 22 ते 26 अंश. डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी 50 वॅटचा हीटर 24 वर लावा. उन्हाळ्यात झाकण उघडून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा, दोन-तीन अंश उतरतात, आणि एअर स्टोन चालू ठेवा. ओटो अधूनमधून वर झेपावून हवा गिळतो, त्यात काळजीचं काही नाही. सारखाच करू लागला तर पाण्यात ऑक्सिजन कमी आहे.

दोन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. डास मारायचं लिक्विड मशीन टँकच्या खोलीत लावू नका, त्यातलं औषध माशांना विषारी असतं. आणि गल्लीत धुराची फवारणी आली की खिडक्या लावा, टँकवर ओला टॉवेल टाका, धूर विरेपर्यंत एअर पंप बंद ठेवा, कारण तो खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. गोगलगाय मारायच्या औषधात बहुधा तांबं असतं, तेही नको.

ओटो कळपाने राहणारा मासा आहे, दोनच ठेवून चालणार नाही. पण नवे चार आणायची घाई करू नका. अजून दोन-तीन महिने जाऊ द्या. मग दुकानात माल आलेल्या दिवशी न घेता दहा-पंधरा दिवस थांबा. तोवर जे मरायचे ते मरतात, उरलेल्यांतून गोल पोटाचे, काचेवर चरणारे निवडा. नाकापासून शेपटीपर्यंत सलग काळा पट्टा बघून घ्या. ‘अल्गी ईटर’ म्हणून बरेचदा चायनीज अल्गी ईटर देतात, तो मोठा होऊन इतर माशांच्या अंगाला चिकटतो. सकर फिश तर फूटभराच्या वर जातो. तो घेतलाच असेल तर कंटाळा आल्यावर रंकाळ्यात सोडू नका, आपल्या तळ्यांत तो उपद्रवी ठरतो.

जाळी वापरू नका, ओटोच्या परांचे काटे तिच्यात अडकतात. पेल्याने पकडायला सांगा. शहरातल्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेला मासा भांड्यात घेऊन त्यात गाठ मारलेल्या एअर ट्यूबने टँकचं पाणी, सेकंदाला दोन-तीन थेंब, सोडत तासभर रुळवा. मुंबईहून रातोरात पार्सल आलं असेल तर मात्र उलट करा. पिशवीत साठलेला अमोनिया ती उघडल्यावर पीएच चढून घातक होतो, म्हणून बंद पिशवी वीस मिनिटं तरंगवून तापमान जुळवा आणि मासे पेल्याने लगेच आत घ्या. दोन्ही वेळी पिशवीतलं पाणी मोरीत. पहिले तीन-चार आठवडे नव्यांना वेगळ्या 20 लिटरच्या टबात ठेवा. तिथला स्पंज फिल्टर आधी महिनाभर मोठ्या टँकमध्ये चालवलेला असावा, आणि तळाशी गच्चीवरच्या बरणीतले दोन-तीन हिरवे दगड.