मुलांना दिल्ली दाखवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत सहा आणि अकरा वर्षांच्या मुलांना घेऊन दिल्लीला जात आहोत. तीन पूर्ण दिवस आहेत, त्यातला एक सोमवार. लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर, राष्ट्रीय संग्रहालय, रेल्वे संग्रहालय, जंतरमंतर एवढं होईल का? (सांगली)

होईल, पण याहून जास्त काही घुसवू नका. सकाळी एक वास्तू आणि दुपारी एक संग्रहालय, एवढंच दिवसाला पुरे. तिसरं ठिकाण घुसवलं की सहा वर्षांचं मूल कडेवर येतं आणि मोठ्याचंही लक्ष उडतं.

आधी सोमवार सोडवा. त्या दिवशी लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय आणि रेल्वे संग्रहालय ही तिन्ही बंद असतात. हुमायूनची कबर, जंतरमंतर आणि राष्ट्रीय विज्ञान केंद्र मात्र उघडी असतात. म्हणून सोमवारी सकाळी हुमायूनची कबर घ्या. ती सूर्योदयाला उघडते, तेव्हा गर्दी नसते. आत शिरल्यावर उजवीकडे इसा खानची अष्टकोनी कबर लागते. ती १५४७ची, म्हणजे मुख्य वास्तूहून जुनी, आणि आकाराने लहान असल्यामुळे मुलांना एका नजरेत कळते. तिच्यापासून सुरुवात करा. मुख्य चौथऱ्यावर जाणाऱ्या पायऱ्या उंच आणि खड्या आहेत. चढताना मुलांना काही वाटत नाही, उतरताना धाकट्याचा हात धरावाच लागतो. डबा शेजारच्या ‘सुंदर नर्सरी’ या बागेत खा, तिचं तिकीट वेगळं असतं.

दुपारी जंतरमंतर. ते केवळ फोटो काढण्याची जागा समजून लोक दहा मिनिटांत बाहेर पडतात, याचं वाईट वाटतं. सवाई जयसिंहाच्या या वेधशाळेतलं सम्राट यंत्र म्हणजे अवाढव्य सूर्यघड्याळ. त्याची तिरपी भिंत जमिनीशी साधारण साडेअठ्ठावीस अंशांचा कोन करते, कारण दिल्लीचा अक्षांशच तेवढा आहे. तिची वरची कड ध्रुवताऱ्याकडे रोखलेली आहे. सावली पडते त्या कमानीवरच्या खुणा बऱ्याचशा झिजल्यामुळे वेळ नीट वाचता येत नाही, पण सावलीची कड पाहत पाच मिनिटं थांबलात तर ती डोळ्यांदेखत सरकते. अकरा वर्षांच्या मुलाला एक गोष्ट जरूर सांगा : इथला खरा मध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, दिल्ली त्याच्या पश्चिमेला. म्हणून मध्यान्ह उशिरा होतो, आणि सूर्याची चाल वर्षभर सारखी नसल्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो बारा वाजून पाच मिनिटांच्या सुमाराला होतो, तर फेब्रुवारीच्या मध्यावर जवळजवळ बारा पस्तीसला. ऊन नसेल तर हे काहीच दिसणार नाही. तसं झालं तर सरळ विज्ञान केंद्रात जा.

उरलेल्या दोन दिवसांत एका सकाळी लाल किल्ला आणि दुपारी राष्ट्रीय संग्रहालय, दुसऱ्या सकाळी कुतुबमिनार आणि दुपारी रेल्वे संग्रहालय. रेल्वे संग्रहालयात ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचं, मगरीसारख्या लांब तोंडाचं विजेचं इंजिन शोधा. मुंबई-पुणे मार्गावर घाटातून पूर्वी मालगाड्या ओढणारी इंजिनं याच जातीची होती.

दिवाळीनंतर दिल्लीची हवा फार बिघडते. रोज सकाळी हवेचा निर्देशांक पाहा. तो ‘अतिशय वाईट’ असेल तर उघड्यावरची वास्तू सोडून संग्रहालय पुढे ओढा. कापडी मास्क सूक्ष्म धूलिकण अडवत नाही, एन-९५ घ्या आणि तोही मुलांच्या मापाचा.

प्रश्न : तिकिटं आणि मेट्रोचं कसं करावं? (लातूर)

पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मूल उंच असेल तर आधार कार्ड जवळ ठेवा. मोठ्यांचं तिकीट ऑनलाइन काढलेलं बरं, स्वस्त पडतं आणि रांग टळते. मेट्रोत अर्धं तिकीट नसतं : तीन फुटांखालचं मूल फुकट, त्यावरच्याला पूर्ण तिकीट. फाटकातून मुलाला पुढे घाला, त्याचं तिकीट आधी लावा आणि मग आपलं. उलटं केलं की आपण पलीकडे आणि मूल अलीकडे राहतं.

प्रश्न : लाल किल्ल्यात मुलांना काय दाखवावं? ती नुसती पळत सुटतात. (ठाणे)

पळू द्या, आत मोकळी हिरवळ भरपूर आहे. तिकीट घेताना संग्रहालयांसह घ्या, नाहीतर पुन्हा दारापर्यंत यावं लागतं. तपासणीच्या रांगेत वेळ जातो, त्यामुळे उघडण्याच्या वेळेलाच पोहोचा. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात स्वातंत्र्यदिनाच्या तयारीसाठी किल्ला बंद ठेवतात, तेव्हा जाऊ नका.

मराठी मुलांना दिवाण-ए-खासमध्ये, म्हणजे बादशहाच्या खासगी दरबारात, थांबवा आणि छताकडे पाहायला सांगा. तिथे पूर्वी चांदीचं छत होतं. १७६०मध्ये दिल्ली सदाशिवरावभाऊंच्या ताब्यात आली, तेव्हा मराठ्यांच्या फौजेकडे पैसा उरला नव्हता. ते छत उतरवून त्याची नाणी पाडली गेली. पुढच्याच जानेवारीत पानिपत झालं. पुस्तकातलं पानिपत इथे उभं राहिल्यावर मुलांना वेगळं कळतं. नंतर सुभाषबाबू आणि आझाद हिंद सेनेचं दालन बघा. त्या सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला याच किल्ल्यात चालला होता.

प्रश्न : राष्ट्रीय संग्रहालयात मुलं अर्ध्या तासात कंटाळतात. काय करावं? (नागपूर)

सगळी दालनं फिरू नका. हडप्पा दालन आणि त्याशिवाय मुलांच्या आवडीचं एकच, नाणी किंवा शस्त्रं, एवढं पाहून बाहेर पडा. मोहेंजोदडोची ‘नर्तकी’ ही कांस्यमूर्ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची आहे. पुस्तकातल्या चित्रावरून मुलांना ती मोठी वाटते आणि प्रत्यक्ष पाहून हिरमोड होतो, म्हणून उंची आधीच सांगा. तिच्याहून मुलं रमतात ती मातीच्या खेळण्यांत : छोट्या गाड्या, पक्ष्याच्या आकाराच्या शिट्ट्या, मान हलणारा बैल. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन गावाच्या उत्खननात सापडलेला माणसाचा सांगाडाही याच दालनात आहे. धाकटं मूल घाबरणारं असेल तर त्या बाजूला नेऊ नका.

प्रश्न : कुतुबमिनारवर चढता येतं का? (कोल्हापूर)

नाही. १९८१मध्ये आत चेंगराचेंगरी होऊन अनेक मुलं दगावली, तेव्हापासून जिना बंद आहे. मुलांना हे निघण्यापूर्वीच सांगा. त्याच आवारातल्या लोहस्तंभाभोवतीही कुंपण आहे, त्याला मिठी मारता येत नाही.

प्रश्न : आम्हाला मे महिन्यातच सुट्टी मिळते. (रत्नागिरी)

मग सूर्योदय ते नऊ ही वेळ वास्तूंसाठी, दुपार वातानुकूलित संग्रहालयांसाठी, आणि चार ते सहा मुलांची झोप. जामा मशिदीत चपला काढाव्या लागतात आणि दुपारी अंगणातल्या फरशीने तळपाय भाजतात, म्हणून पिशवीत जाड मोजे ठेवा. पाण्यात मीठ-साखर घालून बाटल्या भरा. कोकणातल्यासारखा घाम दिसत नाही, कारण कोरड्या हवेत तो लगेच वाळतो. त्यामुळे अंगातलं पाणी कमी झालेलं उशिरा लक्षात येतं. मुलांनी मागेपर्यंत थांबू नका, दर वीस मिनिटांनी चार घोट पाजा.