वाचकांचे प्रश्न : ग्लासगोच्या जुन्या फोटोचे साल कसे काढायचे?

प्रश्न : जुन्या सामानात पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो मिळाला. मागे ग्लासगोच्या स्टुडिओचे नाव-पत्ता छापलेला आहे. घरबसल्या साल कळेल का?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : नेमके साल क्वचितच मिळते, चार-सहा वर्षांचा पट्टा मात्र बहुधा निघतो. त्यासाठी फोटोतल्या माणसापेक्षा मागचा पत्ता कामाचा.

आधी पुठ्ठा मोजा. साडेसहा बाय दहा सेंटिमीटरच्या आसपास असेल तर ते 'कार्ट द व्हिजिट', म्हणजे भेटकार्डाच्या आकाराचा फोटो. १८६०च्या दशकात त्याचे वेड होते. अकरा बाय साडेसोळा असेल तर 'कॅबिनेट', म्हणजे १८६६ किंवा त्यानंतरचे.

मग नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ग्लासगोच्या पोस्ट ऑफिस डिरेक्टऱ्या, म्हणजे रहिवासी आणि धंद्यांच्या पत्त्यांची वार्षिक पुस्तके, उघडा. १९११पर्यंतच्या आहेत, फुकट आहेत. धंद्यांच्या यादीत फोटोग्राफर पाहा आणि तोच रस्ता, तोच घरक्रमांक पहिल्यांदा कुठल्या वर्षी दिसतो, शेवटचा कुठल्या, ते टिपा. शोधचौकटीवर विसंबू नका. बारीक छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही, आणि नाव असूनही 'सापडले नाही' असे येते. पाने उलटावीच लागतात. '१८६८-६९'ची डिरेक्टरी १८६८च्या मध्याची माहिती देते. दिवाळीच्या सुमारास जागा बदललेला स्टुडिओ पुढच्या खंडात दिसणार. म्हणून दोन्ही टोकांना एकेक वर्ष सूट ठेवा.

फसगत होते ती पुनर्मुद्रणात. स्टुडिओवाले काचेच्या निगेटिव्ह जपून ठेवत आणि मागणी आली की पुन्हा छापून देत. पत्ता सांगतो तो पुठ्ठ्याचा काळ. चेहरा त्याहून दहा वर्षे जुना असू शकतो. कपडे पुठ्ठ्यापेक्षा जुन्या धाटणीचे वाटले तर हीच शंका घ्या.

मागे हाताने नाव लिहिलेले असेल तर स्कॉटलंडच्या सरकारी नोंदींच्या 'स्कॉटलंड्स पीपल' या संकेतस्थळावर शोधा. जन्म, लग्न, मृत्यूची सक्तीची नोंदणी १ जानेवारी १८५५पासूनची. सूची फुकट, नोंदीच्या प्रतिमेला पैसे. जन्माच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनाव असते. ते ठाऊक नसेल तर जॉन स्मिथच्या मागे पैसे घालवू नका, ग्लासगोत ते ढिगाने निघतील.

फोटो पुठ्ठ्यावरून सोडवू नका, लॅमिनेशन तर नकोच. दोन्ही बाजू १२०० डीपीआयला स्कॅन करा. पावसाळ्यात बुरशी दिसली तर ओली असताना पुसू नका, चित्रात फासली जाते. आधी कोरडी होऊ द्या.

प्रश्न : छायाचित्रकार टॉमस ॲनन यांनी टिपलेल्या ग्लासगोच्या बोळांमध्ये माणसे धुरकट का दिसतात?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : ते बोळ, तिथल्या भाषेत 'क्लोज', आपल्या जुन्या नाशकातल्या बोळांसारखेच अरुंद, पण दोन्ही बाजूंना उंच इमारती. उजेड जेमतेम, आणि ओल्या कोलोडियनची (त्या काळच्या रासायनिक लेपाची) काच उजेड हळू टिपणारी. काचेवर उजेड पडू द्यायचा वेळ कित्येक सेकंदांचा. हलला तो पुसला गेला. १८६६च्या शहरसुधार कायद्याने पाडायच्या वस्त्यांची ही नोंद, १८६८ ते १८७१मधली. या फोटोंच्या पुस्तकाच्या सन १९०० च्या आवृत्तीतली चित्रे मात्र फोटोग्रॅव्ह्युअरची, म्हणजे शाईने छापलेली. भिंगाखाली शाईचा कण दिसतो. जुने मूळ फोटो समजून चढी किंमत देऊ नका.