हातची किंमत, अपसेट प्राइस आणि 'हर रास'

विचारलंय असं की बँकेच्या लिलावाच्या जाहिरातीत 'राखीव किंमत' छापतात ती आणि बोली सुरू होते ती रक्कम एकच का. आधी एक सांगून टाकतो, राखीव म्हणजे कोण्या प्रवर्गासाठी राखीव नाही हो! परवा धरमपेठेत चहा पिताना एक भाऊ हेच ठासून सांगत होता, डोकंच फिरलं. त्या रकमेच्या खाली विकायचं नाही, बस्स.

बरं, गंमत पुढे आहे. रेतीघाटांच्या सरकारी लिलावात हिलाच 'हातची किंमत' म्हणतात आणि हा शब्द मला जाम आवडतो. बेरजेत 'हातचा एक' धरायचो ना, अन् 'तो हातचं राखून बोलतो' म्हणतो ना, तोच हा हातचा, असं माझं पक्कं मत आहे. विकणारा हातचं राखूनच बोलतो! इतका झकास शब्द घरात असताना 'राखीव' कशाला पाडला, देव जाणे.

ही 'हातची' आली 'अपसेट प्राइस'ला प्रतिशब्द म्हणून. आमच्याकडचे एक कोशवाले काका सांगतात की आकडा ऐकून गिऱ्हाईक अपसेट होतं म्हणून अपसेट. काका, काहीही! हा स्कॉटलंडकडचा शब्द, माल विक्रीला 'मांडला' तेव्हाची किंमत, म्हणजे खरं तर सुरुवातीचीच. मूळ शब्द मांडलेला, आपला झाकलेला, उलटंच झालं की! तरी मला आपलाच बरा वाटतो. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम ६४ मध्ये तर राखीव आणि अपसेट एकाच दमात येतात.

हां, प्रश्न राहिलाच. बँकेच्या लिलावात राखीव किंमत जाहीर असते आणि बोली तिथूनच वर चढते, म्हणून दोन्ही एकच वाटतात. लंडन-न्यूयॉर्कच्या चित्रांच्या लिलावात मात्र ती गुप्त ठेवतात, बोली खालून सुरू करतात, तिथवर पोचली नाही तर चित्र परत मालकाकडे.

आणि नागपूरच्या कळमना बाजारात लिलावाला म्हणतात त्या 'हर्रास'ला 'हर रास, म्हणजे प्रत्येक ढिगाची बोली' म्हणणारेही हेच काका. अहो, तेलुगूत हर्राजु आहे, कन्नडात हराजु, तिथं कुठं आली रास? अरबी हर्राज आहे तो.