ग्राहक उठायच्या आत

पत्र थोडक्यात असं: बागा करून देण्याचा छोटा व्यवसाय, नऊ वर्षं झाली, हाताखाली चार माणसं. वर्षअखेरीला वह्या काढल्या तर कामं भरपूर, शिल्लक जवळजवळ शून्य. हिशेब बायको बघते. नर्सरीच्या बिलावर बोट ठेवून ती विचारते, ‘ही जादाची रोपं कुठल्या कामाची?’ आणि यांचा पारा चढतो. सर्वांत जुना माळी ऐन हंगामात सोडून गेला. ‘मी कुणाला फसवलं नाही, कामात कसूर केली नाही. मग धंदा बंद करू की आणखी एक वर्ष ओढू?’

तुमच्या चार पानांपैकी दीड पान त्या माळ्याच्या कृतघ्नतेवर आहे आणि एक पान बायकोला धंद्यातलं कसं कळत नाही यावर. तिसऱ्या पानाच्या तळाशी मात्र तुम्ही सहज लिहून गेलात: ‘मेलेली झाडं तर मी ग्राहक उठायच्या आत बदलून येतो, एका घरी तीनदा बदललं, तो काही प्रश्न नाही.’ ते वाचल्यावर मला बाकीच्या पानांत फारसा रस उरला नाही.

का बदलता? तेही गुपचूप? ग्राहकाचं मन राखायला, असं तुम्ही म्हणाल. मला त्यात निव्वळ भित्रेपणा दिसतो. ‘झाड मेलं’ एवढे दोन शब्द समोरच्याला सांगायची तुमची तयारी नाही, आणि त्यासाठी तुम्ही नर्सरी, डिझेल आणि माणसांच्या सकाळी खर्ची घालताय. एका कामाचे शंभर भाग धरा. त्यातले समजा तीस रोपांचे, आणि सगळं जाऊन तुमच्या हातात उरतात दहा. दहातलं एक झाड बदललंत की तीन भाग तिथेच गेले. नर्सरीची फेरी, गाडी, दोन माणसं, जुना खड्डा उकरणं, मेलेलं झाड नेऊन टाकणं, यांचे आणखी दोन. निम्मी कमाई संपली. बायको महिनोन् महिने नेमकं हेच विचारतेय, आणि तुम्ही तिच्यावर ओरडताय.

पैशापेक्षा मोठं नुकसान म्हणजे झाड कशानं मेलं हे तुम्ही कधी पाहिलंच नाही. पहाटेच्या घाईत उपटलेलं झाड सरळ गाडीत जातं. खरं तर त्याच्या मुळांवर सगळा जबाब लिहिलेला असतो. मातीचा गोळा बादलीत बुडवून धुवा. मुळं काळपट, मऊ, वास येणारी, आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल निघून आत दोरा राहतो? पाणी साचून कुजलंय. मुळं पिशवीच्या आकारात गोल गोल फिरलेली, बाहेरच्या मातीत एकही शिरलेली नाही? तुमच्या माणसांनी पिशवी फाडली आणि गोळा जसाच्या तसा ठेवून दिला. कडेनं तीन-चार उभ्या चिरा मारून मुळं मोकळी करायची असतात. बुंध्याचा जिथे मुळांकडे फुगवटा सुरू होतो तो भाग चार बोटं मातीखाली? खोल लावलंय. खड्डा गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा, पण गोळ्याच्या उंचीपेक्षा खोल नको. खोल खणून खाली भुसभुशीत माती भरली की ती बसते आणि झाड खाली जातं.

आणि एक प्रकार अनुभवी माणसालाही चकवतो. आजूबाजूची माती ओली, पण गोळा फोडला की आत कोरडा ठणठणीत. नर्सरीच्या पिशवीत वाढवलेला गोळा एकदा पूर्ण सुकला की बरेचदा लवकर पाणी धरत नाही; पाणी त्याच्या कडेनं निघून जातं. वरून बघणाऱ्याला ओली माती आणि मलूल पानं दिसतात. कुजलेल्या मुळांचं झाडही अगदी असंच मलूल दिसतं. त्यामुळे ग्राहक एकतर तहानलेल्या झाडाचं पाणी तोडतो, नाहीतर बुडणाऱ्या झाडावर आणखी ओततो. बोट मातीत खुपसून कुठे बघायचं हे त्याला कुणी सांगितलंय? तुम्ही नाही. त्याच्या समजुतीप्रमाणे त्याच्या बागेत आजवर एकही झाड मेलेलं नाही.

त्या माळ्याबद्दलही बोलू. मेलेली झाडं गाडीत टाकायला पहाटे तोच येत होता ना? मुळं नीट मोकळी केली काय, नाही केली काय, मेलं तर दुसरं येणारच, हे तुम्हीच त्याला वर्षानुवर्षं शिकवलंत. तशी सवय लागलेला माणूस ढिला तरी पडतो किंवा कामाची चाड असेल तर निघून तरी जातो. तुमचा निघून गेला. मला तो कृतघ्न वाटत नाही.

धंदा बंद करायचा की नाही, याचं उत्तर मी देणार नाही. ज्या वहीत निम्मी गळती लिहिलेलीच नाही, ती बघून असा निर्णय कोण घेतं?

एकच करा. यापुढे मेलेलं झाड ग्राहकासमोर उपटायचं. आधी फोन, मग उजेडात जाणं, त्याच्या डोळ्यांदेखत गोळा धुणं, आणि जे दिसेल ते बोलणं. मुळं वेटोळी निघाली, बुंधा पुरला गेलेला निघाला, तर ‘चूक आमची’ म्हणा आणि फुकट बदला; पण बिल करा, त्यावर रोपाची आणि मजुरीची पूर्ण रक्कम लिहा, खाली तेवढीच सूट दाखवा, आणि ते बायकोच्या हातात द्या. पाण्यात चूक असेल तर कुठे बोट घालायचं ते त्याला तिथल्या तिथे दाखवा, आणि नव्या झाडाचे पैसे घ्या. जीभ अडखळेल. अडखळू दे. दोन-चार ग्राहक कुरकुरतील, एखादा जाईलही. जो जाईल त्याच्या बागेत तुम्ही किती झाडं ओतलीत ते मग बायकोला मोजायला सांगा.

सुरुवात त्या तीनदा बदललेल्या घरापासून. तिथलं चौथंही मरणार आहे, कारण तुम्ही दरवेळी त्याच खड्ड्यात तेच झाड लावताय. झाड काढा, शेजारी फूटभर रुंद आणि फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा. जिरलं की पुन्हा भरा आणि तासाभरानं पट्टी लावून बघा. पाणी इंचभरही उतरलं नसेल तर बहुधा खाली बांधकामाचा राडारोडा किंवा धुम्मस केल्यासारखी घट्ट माती आहे, किंवा शेजारच्या लॉनचा स्प्रिंकलर तिथे रोज पाणी टाकतोय. राडारोडा असेल तर तो उपसून माती बदलावी लागेल, आणि ते वेगळं काम आहे, वेगळ्या पैशांचं. घरमालकाला शेजारी उभं करूनच मोजा. आधीची तीन झाडं कधी बदललीत हे तो विचारेल. तारखांसकट सांगा.