इलेक्ट्रॉन एकमितीय तारेत ‘फुटतो’, मग त्याच्या स्पिनची (अंगभूत चुंबकी फिरकीची) दुसऱ्या इलेक्ट्रॉनशी असलेली एन्टँगलमेंट (क्वांटम गुंतणूक) ओळखणार कशी?

ओळखता येते, पण अख्खा इलेक्ट्रॉन शोधू नका; दोन तारांमधल्या स्पिनचा परस्परसंबंध मोजा. नाशिककरांना द्वारका चौकातली कोंडी ठाऊक आहे: एकटी गाडी सुटत नाही, सरकते ती लाट. इथे तर लाटा दोन, विद्युतभाराची वेगळी आणि स्पिनची वेगळी, वेगही निराळे. अतिवाहकातली (विद्युतरोध नसलेल्या पदार्थातली) कूपर जोडी, म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांची जोडी, दोन तारांत विभागली तरी सिंगलेटची (विरुद्ध स्पिनच्या गुंतलेल्या अवस्थेची) खूण स्पिनच्या लाटेबरोबर जाते. भौतिकशास्त्रज्ञ रेखर आणि लॉस यांनी २००२ मध्ये हे गणिताने मांडलं. टोकांना स्पिन-गाळण्या (ठरावीक दिशेचा स्पिनच पुढे सोडणाऱ्या) लावल्या की समांतर दिशांना जोड्या कमी सापडतात, विरुद्ध दिशांना जास्त. २०२२ मध्ये नॅनोतारांवर असा संबंध मोजलाही गेला. मात्र एकाच अक्षावर साधी, न गुंतलेली ‘एक वर, एक खाली’ जोडीही हेच दाखवते. खात्रीसाठी गाळण्यांचे कोन बदलून बेलची असमानता (न गुंतलेल्या जोड्यांना ओलांडता न येणारी मर्यादा) मोडावी लागते.