वाचकांचे प्रश्न : बोदोच्या पाण्यात गळ टाकताना

प्रश्न : माझा भाचा नॉर्वेतील बोदो शहरात नोकरीनिमित्त राहतो आणि जूनच्या अखेरीस आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतजमिनीतल्या) मानशींवर, म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांवर, गरीने मासे धरण्याचा मला लहानपणापासून नाद आहे. तिथे पर्यटकाला समुद्रात व गोड्या पाण्यात मासेमारी करता येते काय, परवाना लागतो काय, आणि सामन (सॅल्मन) मासा गळाला लागण्याची शक्यता किती? — एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत, कारण नॉर्वेत खाऱ्या पाण्याचा कायदा वेगळा आणि गोड्या पाण्याचा वेगळा. समुद्रात हातातल्या दांडीने किंवा दोरीने मासे धरण्यास परवाना लागत नाही व शुल्कही नाही. ही मोकळीक परदेशी पाहुण्यालाही आहे. मात्र जाळे, पिंजरा किंवा लांब दोराला अनेक गऱ्या बांधून पाण्यात सोडून ठेवणे तिथे न राहणाऱ्या परदेशी माणसाला मना आहे आणि पर्यटकाने धरलेला मासा विकताही येत नाही. मत्स्यपालनाच्या पिंजऱ्यांपासून किमान १०० मीटर दूर राहावे लागते. पिंजऱ्याभोवती मासे घुटमळतात हे खरे असले, तरी तो मोह टाळावा.

बोदो उत्तर ध्रुववृत्ताच्या वर, सुमारे ६७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. आपण जाल तेव्हा तिथे सूर्य मावळणारच नाही. तेव्हा पहाट की तिन्हीसांज हा आपला नेहमीचा हिशेब सोडून केवळ भरती-ओहोटीच्या वेळा पाहाव्यात. त्यातही शहरापासून रस्त्याने तीसेक किलोमीटरवर असलेली साल्टस्ट्राउमेन ही सामुद्रधुनी चुकवू नये. सुमारे ३ किलोमीटर लांब आणि १५० मीटर रुंद अशा या चिंचोळ्या वाटेतून साधारण दर सहा तासांनी सुमारे ४० कोटी घनमीटर पाणी आत किंवा बाहेर जाते, कारण आतल्या शेर्स्टा फ्योर्डला (डोंगरांत खोल शिरलेल्या खाडीला) समुद्राकडे जाण्यासाठी हीच मुख्य वाट आहे. मानशीच्या दारातून सुकतीचे (ओहोटीचे) पाणी कसे उसळत बाहेर पडते, हे आपण पाहिलेले आहे. तेच इथे डोंगराएवढ्या मापाने घडते, ओघाचा वेग २० नॉटपर्यंत (ताशी सुमारे ३७ किलोमीटर) जातो आणि पाण्यावर कित्येक मीटर रुंदीचे भोवरे फिरू लागतात.

मानशीवर ज्याचा हात बसला आहे, त्याला पुढचे फारसे शिकवावे लागणार नाही. पाणी ऐन जोरात असताना गळ टाकला, तर जड शिसेही तळ गाठण्याआधी वाहून जाते आणि तंगूस (गळाची दोरी) काठाजवळच्या समुद्री शेवाळाच्या दाट रानात अडकून तुटते. म्हणून ओघ मंदावू लागला की सुरुवात करावी, पाणी ठरते त्या थोड्या वेळात गळ तळापर्यंत सोडावा आणि ओघ उलटून पुन्हा चढू लागला की आवरते घ्यावे. पाणी ठरण्याच्या वेळा तिथे आधीच जाहीर होतात. आमिषासाठी कोलंबी शोधत बसू नये. माशाच्या आकाराचा चकाकणारा धातूचा जड तुकडा तळाशी टेकवून वर झटकायचा आणि पुन्हा सोडायचा, ही तिकडची रीत. लागतो तो बहुधा सेई, म्हणजे कॉडच्या कुळातला काळसर पाठीचा, जोरकस ओढ घेणारा मासा. दांडीने धरलेल्या सेईचा २२.७ किलोचा जागतिक विक्रम याच सामुद्रधुनीतला आहे. काठावरचे खडक ओले आणि निसरडे असतात, तेव्हा चांगल्या तळव्याचे बूट घालावेत आणि पाण्याला पाठ करून उभे राहू नये.

कॉड ४४ सेंटिमीटरहून आणि चपटा, लेपीच्या जातकुळीतला हॅलिबट ८४ सेंटिमीटरहून लहान असेल, तर तो सोडून द्यावा लागतो. दोन मीटरहून मोठा हॅलिबटही सोडावा लागतो. होडी भाड्याने घेतल्यास तारक जाकीट अंगावर हवेच.

गोड्या पाण्याला मात्र मालक असतो. बोदोभोवतालच्या तळ्यांत ट्राउट आणि आर्क्टिक चार हे सामनाच्या कुळातले मासे मिळतात. त्यासाठी त्या त्या पाण्याचे मासेमारी कार्ड विकत घ्यावे. जिवंत मासा आमिष म्हणून वापरण्यास बंदी आहे. गिरोडॅक्टिलस सालारिस या परजीवीने तिथल्या अनेक नद्यांतले सामन उद्ध्वस्त केले असल्याने एका पाण्यातले साहित्य पूर्ण सुकवल्याशिवाय किंवा निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात नेता येत नाही. डिचोलीच्या ओहोळात वापरलेली जाळी-पिशवी घरीच ठेवावी, हे बरे.

आता सामन. समुद्रातून नदीत चढणाऱ्या सामन, ट्राउट व आर्क्टिक चार या माशांसाठी अठरा वर्षांवरील व्यक्तीला सरकारी शुल्क भरावे लागते आणि वर त्या नदीचे वेगळे कार्ड घ्यावे लागते. बायार्न आणि साल्टडाल या दोन नद्या बोदोहून एका दिवसात जाऊन येण्याजोग्या आहेत. परंतु रानटी सामन फार घटला आहे. २०२४ च्या जूनमध्ये तर ऐन हंगामात ३३ नद्यांतील सामनाची मासेमारी सरकारला थांबवावी लागली. थोड्या दिवसांच्या पाहुण्याने त्यात पैसा व वेळ घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते दिवस साल्टस्ट्राउमेनला द्यावेत, आणि एखादी संध्याकाळ तळ्याकाठी काढावी.

प्रश्न : नॉर्वेत धरलेला मासा गोव्याला आणता येतो काय? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : खाऱ्या पाण्यातला मासा देशाबाहेर नेण्याची मुभा केवळ नोंदणीकृत मासेमारी पर्यटन केंद्राच्या ग्राहकाला, केंद्राने दिलेल्या कागदासह आणि ठरावीक वजनापर्यंतच आहे. नातेवाइकाकडे राहून काठावरून धरलेला मासा तिथेच शिजवून खावा. पोर्तुगीज काळापासून गोव्यात ठाऊक असलेला खारवून सुकवलेला कॉड हवा असेल, तर तो दुकानातून घ्यावा, पावती जपून ठेवावी आणि भारतात मासळी आणण्याचे कस्टमचे नियम निघण्यापूर्वीच विचारून घ्यावेत.